जामीन राहताय, तर पावती लिहा

दिवाळी अंकात मी एका वाक्यात लिहून गेले की ‘मीही थोडी नाणी स्टेक करून ठेवली आहेत’. त्या एका वाक्याने घात केला. तेव्हापासून या सदराला येणारी निम्मी पत्रं त्या ‘स्टेक’ नावाच्या बटणाबद्दल आहेत, म्हणजे क्रिप्टो नाणी अनामत ठेवून बक्षीस मिळवायच्या सोयीबद्दल. एका गृहस्थांनी तर पोस्टकार्डावर विचारलंय, ‘चौतीस वर्षं बँकेत काढलेल्या बाईंनी हे धंदे करावेत का?’ करावेत की नाही ते माझं मी बघेन. माझ्या दोन महिन्यांच्या पेन्शनीएवढे पैसे त्यात आहेत आणि ते बुडाले तर मी रडणार नाही, एवढं त्यांना कळवते. मी मुदत ठेवीच्या काउंटरवर आयुष्य घालवलं, त्यामुळे कुठलीही योजना समोर आली की हात आपोआप पावती शोधतो. या बटणाला पावती नसते, आणि माझी सगळी तक्रार तीच आहे. या महिन्यात बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून फक्त हीच पत्रं घेतली आहेत.

ताई, माझ्या मोबाइलच्या वॉलेटमध्ये इथरच्या खाली ‘स्टेक करा, वर्षाला सुमारे ३ टक्के’ असं दिसतं. ही एफडीच ना? बँकेत ७ मिळत असताना ३ कोण घेईल? आणि हे व्याज देतं तरी कोण?
— शिक्षिका, बार्शी

तुमचा तिसरा प्रश्न आधी घेते, कारण तोच खरा आहे. मी एफडीची पावती लिहून द्यायचे तेव्हा व्याज कुठून येणार ते मला माहीत असायचं. पलीकडच्या टेबलावर कोणीतरी ट्रॅक्टरसाठी कर्ज घेतलेलं असायचं, तो अकरा-बारा टक्के भरायचा, त्यातले सात तुम्हाला. स्टेकिंगमध्ये कर्ज घेणारा कोणी नाही. मग पैसे येतात कुठून?

इथेरियम ही एक मोठी खातेवही समजा, इथर हे तिचं नाणं. तिच्यात दर १२ सेकंदांनी एक नवं पान लागतं. ते पान कोणी लिहायचं, हा सगळा प्रश्न आहे. १५ सप्टेंबर २०२२ पर्यंत हे काम विजेवर चालायचं. हजारो यंत्रं गणितं सोडवत बसायची आणि जो आधी सोडवेल तो पान लिहायचा. त्या दिवसापासून पद्धत बदलली. आता ज्याला पान लिहायचंय त्याने ३२ इथर अनामत ठेवायचे आणि आपला संगणक रात्रंदिवस चालू ठेवायचा. अशा माणसाला व्हॅलिडेटर म्हणतात. पाळी आली की पान लिहायचं, इतरांनी लिहिलेलं तपासून सही द्यायची. काम नीट केलं तर बक्षीस. संगणक बंद पडला तर थोडी कापाकापी. आणि एकाच पाळीला दोन वेगवेगळी पानं लिहून लबाडी केली तर अनामतीतून तुकडा जातो आणि माणसाला बाहेर काढतात. निवडणुकीत डिपॉझिट जप्त होतं ना, तसंच.

बक्षिसाचे पैसे दोन ठिकाणांहून येतात. काही इथर नव्याने निर्माण होतात, आणि काही लोकांनी व्यवहार करताना दिलेल्या शुल्कातून येतात. बस. तिसरा झरा नाही.

म्हणजे हे बटण दाबून तुम्ही ठेवीदार होत नाही, जामीनदार होता. हा शब्द मी मुद्दाम वापरते. आमच्या शाखेत जामीनदारांच्या सह्या घेण्याचं काम काही वर्षं माझ्याकडे होतं. ‘मॅडम, ओळखीचा आहे, कुठे सही करू?’ असं म्हणत माणसं यायची, पेन मागायची, सही करायची, चहा पिऊन जायची. मूळ कागद वाचणारा दहात एक. मग तीन वर्षांनी नोटीस गेली की तीच माणसं तो कागद पहिल्यांदा वाचायची, आणि माझ्याकडे अशी बघायची जणू मीच कर्ज बुडवलंय. ‘स्टेक’ बटण दाबणारे मला अगदी तसे दिसतात. कोणासाठी जामीन राहतोय, त्याचं नाव काय, तो कमिशन किती घेतो, त्याने चूक केली तर माझं काय कापलं जाईल, यातलं काहीही विचारायला त्या बटणावर जागा नाही. तिथे फक्त ३ टक्के.

आता ते ३ आणि ७. बँकेचे सात रुपयांत मिळतात, हे तीन इथरमध्ये. कागद घ्या. समजा तुमच्याकडे ५०० रुपये भावाची १०० नाणी आहेत, म्हणजे ५०,००० रुपये. स्टेकिंगवर वर्षाला ७ टक्के मिळाले, नाणी झाली १०७. दरम्यान भाव ५०० चा ३०० झाला. हातात ३२,१०० रुपये. बक्षीस मिळालं हे खरं, नाणी वाढली हेही खरं. भाव वर गेला तर उलटंही होईल. पण त्या वर-खाली होण्यापुढे टक्केवारी म्हणजे भाजीवरची कोथिंबीर.

आणखी एक गोष्ट. काही नाण्यांवर दहा-पंधरा टक्के दाखवतात आणि लोक हुरळतात. जास्त टक्केवारी बहुधा जास्त नवी नाणी छापून दिलेली असते. पंगतीत माणसं वाढली की आमटीत पाणी ओततात, तसं. स्टेक करणाऱ्याला एक वाटी जास्त वाढतात, पण आमटी सगळ्यांचीच पातळ होते. कॉसमॉस ही अशीच दुसरी एक खातेवही, तिच्या लोकांना हे स्वतःलाच कळलं. २०२३ च्या नोव्हेंबरात त्यांनी मतदान घेऊन वर्षाला नवी नाणी काढण्याची कमाल मर्यादा १० टक्क्यांवर आणली, म्हणजेच स्टेक करणाऱ्यांचं बक्षीस स्वतःहून कमी केलं.

तुमच्याकडे ३२ इथर नसणार हे गृहीत धरते. म्हणजे तुमच्या बटणामागे अनेकांचे थोडेथोडे गोळा करणारी एखादी संस्था किंवा प्रणाली आहे. दाबण्याआधी तिचं नाव शोधा. बटणाखाली बारीक अक्षरांत ते असतं. नसेल, तर दाबू नका.

‘अनस्टेक’ दाबलं, ‘यशस्वी’ असा हिरवा टिक आला, पण शिल्लक शून्य! आठ दिवस झाले. माझी कॉसमॉसची नाणी गेली का? इतर नाण्यांचंही असंच असतं का?
— औषध दुकानदार, चिपळूण

गेली नाहीत, सुटायची आहेत. कॉसमॉसवर अनस्टेक केल्यापासून २१ दिवस नाणी कोणाच्याच हाती नसतात. तुम्हाला विकता येत नाहीत, आणि त्या दिवसांचं बक्षीसही मिळत नाही. वॉलेटमध्ये ‘अनबॉन्डिंग’ असा वेगळा कप्पा शोधा, तिथे तारीख दिसेल. तेरा दिवस थांबा.

मुळात हे २१ दिवस का? जामीनदाराला सहज पळता येऊ नये म्हणून. व्हॅलिडेटरने आज लबाडी केली आणि ती आठ दिवसांनी उघडकीस आली, तर तोवर अनामत पसार झालेली नसावी. कॉसमॉसवर दोनदा सही करण्याच्या लबाडीला अनामतीच्या ५ टक्के दंड आहे, आणि तो व्हॅलिडेटरबरोबर त्याच्यामागे उभ्या असलेल्या सगळ्यांच्या नाण्यांतून कापला जातो. तुमच्याही. संगणक फार वेळ बंद राहिला तर ०.०१ टक्के, तो किरकोळ.

आता स्वतःची फजिती सांगते. मे महिन्याच्या शेवटी आमच्या गच्चीला गळती निघाली. वॉटरप्रूफिंगवाला म्हणाला, पावसाआधी करायचं तर रोख लागेल. मी मोठ्या ऐटीत ह्यांना म्हटलं, ‘थांबा, एफडी मोडायला नको, माझ्याकडे नाणी आहेत.’ बटण दाबलं. व्यवहार होईना. का, तर मी हौसेने शेवटच्या नाण्यापर्यंत सगळं स्टेक केलं होतं, आणि अनस्टेक करायलासुद्धा थोडं शुल्क त्याच नाण्यात द्यावं लागतं. म्हणजे कपाटाची किल्ली कपाटात ठेवून कपाट बंद केलं! भाच्याने पुण्याहून चिमूटभर नाणी पाठवली तेव्हा कुठे बटण चाललं. मग समोर आलं २१ दिवस. पाऊस बाराव्या दिवशी आला. दिवाणखान्यात दोन बादल्या आणि एक परात, आणि त्यांच्यात टपटप आवाज. ह्यांनी शेवटी एफडी मोडलीच. त्यावर दंड किती बसणार ते पावतीवर आधीच छापलेलं होतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा लागलं. चौतीस वर्षं मी ती पावती दुसऱ्यांना देत होते, तिची किंमत मला बादलीजवळ बसून कळली.

तेव्हापासून मी प्रत्येक स्टेकची पावती हाताने लिहिते. एका जुन्या डायरीत, एका पानावर एक. चालू पान समोर आहे, जसंच्या तसं उतरवते: ‘नाणं कॉसमॉस. ठेवले ४०, हातात राखले १, शुल्कासाठी. व्हॅलिडेटरचं नाव अमुक, पहिल्या वीसात नाही. कमिशन ५ टक्के. किल्ली माझ्याकडे. बक्षीस आपोआप नाही, मागून घ्यावं लागतं, तीन महिन्यांनी एकदा. सोडवायला २१ दिवस. दंड माझ्याही वाट्याला. मे ते जुलै गरज लागू शकते, मार्चमध्येच विचार करणे.’ शेवटची ओळ लाल शाईत आहे.

इतर नाण्यांचंही विचारलंत. पोल्काडॉटने सुरुवातीला २८ दिवस ठेवले होते. सोलानावर साधारण दोन दिवसांचा एक फेरा असतो, तो संपला की नाणी मोकळी. कार्डानोवर अडकवणं हा प्रकारच नाही, त्याचं पत्र पुढे आहे. इथेरियमवर रांग असते आणि ती कमीजास्त होते. कधी दोन-चार दिवसांत नंबर लागतो, पण २०२५ च्या सप्टेंबरात ती चाळीस दिवसांपलीकडे गेली होती. रेशनच्या दुकानासारखं आहे ते, तुमच्यापुढे किती जण उभे आहेत त्यावर सगळं.

आणि हो, शून्य टक्के कमिशनवाला व्हॅलिडेटर पाहून धावू नका. आमच्या गल्लीत नवं सलून उघडलं तेव्हा पहिला आठवडा दाढी फुकट होती.

कार्डानो स्टेक करून १२ दिवस झाले, एक पैसा बक्षीस नाही. उलट २ एडा कापून घेतले. फसलो का?
— शेतकरी, कुडाळ

नाही. कार्डानोचा फेरा पाच दिवसांचा असतो. तुम्ही आज नाव नोंदवलंत की फेरा संपताना तुमच्या शिल्लकीचा फोटो काढतात, पुढच्या फेऱ्यांत तो मोजणीला धरतात, मग हिशोब आणि त्यानंतर वाटप. पहिलं बक्षीस यायला १५ ते २० दिवस जातात. आंब्याचं कलम लावून बाराव्या दिवशी मोहोर शोधण्यातला हा प्रकार झाला, आणि ते तुम्हाला मी सांगायला नको. एकदा सुरू झालं की दर पाच दिवसांनी येत राहतं.

ते २ एडा, म्हणजे कार्डानोची दोन नाणी, नोंदणीची अनामत आहेत. स्टेकिंग कायमचं बंद करून नोंदणी रद्द केलीत की परत मिळतात.

कार्डानोमध्ये तुमची नाणी वॉलेटमधून हलत नाहीत, फक्त ‘माझं वजन या पूलच्या पारड्यात धरा’ अशी चिठ्ठी जाते. पूल म्हणजे अनेकांच्या नाण्यांचं वजन पाठीशी घेऊन पानं लिहिणारा. उद्या विकायची झाली तर विकता येतात. पूल चालवणाऱ्याच्या चुकीने तुमची नाणी कापलीही जात नाहीत, फार तर बक्षीस बुडेल. नवख्या माणसाला मी हेच पहिलं दाखवते. फक्त पूल निवडताना तो भरून वाहत नाही ना, ते बघा. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त नाणी एका पूलमागे गोळा झाली की प्रत्येकाच्या वाट्याचं बक्षीस घटतं.

एक खटका मात्र आहे आणि त्याने बरेच जण अडतात. २९ जानेवारी २०२५ च्या बदलानंतर, साठलेलं बक्षीस काढून घ्यायचं असेल तर आधी तुमच्या मताचं काय करायचं ते नोंदवावं लागतं. म्हणजे कारभारात मत देणारा एखादा प्रतिनिधी निवडा, किंवा ‘तटस्थ’ असा पर्याय घ्या. तोवर बक्षीस जमा होत राहतं, दिसतं, पण निघत नाही. वॉलेटमध्ये ‘गव्हर्नन्स’ नावाच्या कोपऱ्यात ते असतं. बक्षिसाच्या बटणाशेजारी ही एक ओळ लिहायला वॉलेटवाल्यांना काय होतं, देव जाणे.

एक्सचेंजच्या ॲपमधलं ‘अर्न’ आणि माझ्या स्वतःच्या वॉलेटमधलं ‘स्टेक’ यांत फरक काय? ॲपमध्ये तर एका क्लिकवर होतं.
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, डोंबिवली

किल्लीचा. तुझ्या वॉलेटची १२ किंवा २४ शब्दांची चावी तुझ्याकडे असते. एक्सचेंजच्या, म्हणजे नाणी खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपनीच्या, ॲपमध्ये नाणी त्यांच्या ताब्यात असतात आणि तुला दिसतो तो फक्त आकडा. ते खरंच स्टेक करतात, की कोणाला उसने देतात, की दोन्ही, हे अटींच्या सतराव्या पानावर असतं. ‘अर्न’ हा शब्द मला आवडत नाही तो याचसाठी. त्यात स्टेकिंगही बसतं आणि सावकारीही.

अमेरिकेत सेल्सियस नावाची कंपनी असंच घसघशीत व्याज देत होती. १२ जून २०२२ ला तिने खात्यांतून पैसे काढणं बंद केलं आणि जुलैत दिवाळखोरी जाहीर केली. लोकांना ॲपमध्ये आपला आकडा दिसत होता, काढता येत नव्हता. न्यायालयात त्यांची गणती रांगेतल्या घेणेकऱ्यांत झाली. आपल्याकडे बँक बुडाली तर ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे, नाण्यांना तसलं काहीही नाही.

तरीही, ज्याला २४ शब्द सांभाळणं जमणार नाही त्याने एक्सचेंजवरच राहावं, असं माझं मत आहे. शब्द हरवले तर दाद मागायला शाखाच नाही. दोन्हीकडे धोका आहे, आपल्याला कुठला पेलतो ते बघ.

माझ्या एसटीईथची शिल्लक रोज थोडी वाढते. मित्राच्या वॉलेटमध्ये तसलंच नाणं आहे, पण त्याचा आकडा महिनोन्‌महिने हलत नाही. कोणाचं चुकलंय? आणि हे इथरच आहे, असं समजायचं का?
— दुबईतला वाचक

कोणाचंच चुकलेलं नाही. एसटीईथ म्हणजे लिडो या प्रणालीतून इथर स्टेक केल्यावर बदल्यात मिळणारं नाणं. मित्राकडचं नाणं बहुधा त्याचंच ‘रॅप्ड’ रूप असेल. तुमच्याकडे नगांची संख्या वाढते, त्याच्याकडे नग तेवढेच राहून एका नगाची किंमत वाढते. लिडोच्या या दोन्ही प्रकारांत बक्षिसातले १० टक्के शुल्क म्हणून आधीच वजा झालेले असतात.

दुसऱ्या प्रश्नासाठी सांगलीची गोष्ट सांगते. कृष्णाकाठी हरिपूरला हळदीची पेवं होती, जमिनीत खोल खणलेली कोठारं. माझे सासरे सांगायचे, पेव न उघडता नुसत्या चिठ्ठीवर हळद चार हात फिरायची. चिठ्ठी खिशात, माल जमिनीत. एसटीईथ ही तसली चिठ्ठी आहे. मूळ इथर व्हॅलिडेटरांकडे अनामत पडलेले, तुमच्या हातात त्यांची चिठ्ठी, आणि ती बाजारात विकता येते म्हणून तुम्हाला रांगेत उभं राहावं लागत नाही.

पण चिठ्ठीला चिठ्ठीचा भाव असतो. २०२२ च्या जूनमध्ये सगळीकडे पळापळ झाली तेव्हा एसटीईथ इथरपेक्षा पाच टक्क्यांच्या आसपास स्वस्त मिळत होतं. माल पेवात सुरक्षित होता, तरीही. कारण तेव्हा पेव उघडायची सोयच नव्हती. इथेरियमवर अनामत परत काढण्याची व्यवस्था १२ एप्रिल २०२३ ला सुरू झाली. त्यानंतर चिठ्ठी आणि माल यांच्या भावांत सहसा फार अंतर पडत नाही. सहसा.

हरिपूरची बरीचशी पेवं २००५ च्या पुरात पाण्याखाली गेली. चिठ्ठ्या कोरड्याच होत्या.

टेलिग्रामवरच्या एका ग्रुपमध्ये ‘यूएसडीटी स्टेकिंग, रोज १ टक्का’ अशी योजना होती. वॉलेट जोडलं, ८०,००० रुपयांचे यूएसडीटी टाकले. दीड महिना आकडा वाढत होता, एकदा ५,००० काढूनही पाहिले. आता काढायला गेले तर ‘आधी २० टक्के टॅक्स भरा’ म्हणतात. भरू का? घरी सांगितलेलं नाही.
— गृहिणी, नाशिक

भरू नका. एक रुपयाही नाही. तुमचं पत्र हाती आलं त्याच दिवशी संपादकांमार्फत हे कळवलं होतं, इथे बाकीच्यांसाठी छापते आहे.

हे स्टेकिंग नव्हतंच. यूएसडीटी हे डॉलरच्या भावाला बांधलेलं नाणं, त्याला स्वतःची खातेवही नाही. ते दुसऱ्यांच्या साखळ्यांवर चालतं, त्यामुळे त्याची अनामत ठेवून पान लिहायचा प्रश्नच येत नाही. कोणी ‘यूएसडीटी स्टेकिंग’ म्हणालं, तर ते उसनवारी आहे किंवा लबाडी. आणि रोज १ टक्का म्हणजे किती, ते कॅल्क्युलेटरवर दाबून बघा. चक्रवाढीने वर्षाला एकाचे जवळजवळ ३८. लाखाचे ३८ लाख! इथेरियमचं सगळं यंत्र मिळून ३ टक्के देतंय आणि टेलिग्रामवरचा कोणी ३८ पट देतोय. ते ५,००० काढू दिले ते गळाला लावलेलं पीठ होतं.

पुण्यात गाजलेलं गेनबिटकॉइन प्रकरण आठवत असेल. तिथे शब्द ‘मायनिंग’ होता आणि वचन दरमहा १० टक्के, १८ महिने. शब्द बदलतात. तेव्हा मायनिंग, आता स्टेकिंग.

आता कामं. १९३० या क्रमांकावर फोन करा, लगेच. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवरही तक्रार नोंदवा. ग्रुपमधले मेसेज, पैसे पाठवलेल्या पत्त्यांचे स्क्रीनशॉट पुसले जाण्याआधी काढून ठेवा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, तुम्ही ‘वॉलेट जोडलं’ तेव्हा बहुधा एक परवानगी दिलीत की ‘माझ्या खात्यातले यूएसडीटी तू हवे तेवढे उचलू शकतोस’. सही केलेला कोरा चेकच तो. ती परवानगी रद्द करता येते, बऱ्याच वॉलेटमध्ये त्याची सोय आहे. पण तुम्ही नवं वॉलेट उघडून, नवे शब्द घेऊन, उरलेलं तिकडे हलवा, तेच बरं. काही दिवसांत कोणीतरी फोन करेल, ‘तुमचे अडकलेले पैसे काढून देतो, थोडी फी लागेल.’ तो त्यांच्यातलाच असतो.

आणि घरी सांगा. आज रात्रीच. आमच्या काउंटरवर मी पाहिलंय, लपवलेला तोटा भरून काढायला माणूस दुसऱ्यांदा जातो आणि दुप्पट घालवून येतो. ८०,००० गेले, हे वाईट झालं. पण ते एकटीने गिळायचे नसतात.

स्टेकिंगच्या बक्षिसावर कर कसा?
— पुणे

थोडक्यात. १ एप्रिल २०२२ पासून नाणी विकून झालेल्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर आहे. एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. एक नाणं देऊन दुसरं घेतलं तरी ती विक्रीच धरतात. १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेतून १ टक्का टीडीएसही कापला जातो. करकायद्यातल्या या तरतुदींत स्टेकिंग असा शब्द नाही. माझा सीए बक्षीस हाती आलं त्या दिवशीच्या भावाने ते ‘इतर उत्पन्नात’ दाखवतो आणि पुढे विकलं की तोच भाव खरेदीची किंमत धरून नफा काढतो. तुमचा सीए काय करतो ते विचारा. फक्त त्याच्याकडे जाताना तारखा आणि भाव घेऊन जा. मी पूर्वी रोज हौसेने बक्षीस मागून घ्यायचे, त्या वर्षी सीएपुढे दोनशेच्या वर नोंदींचा कागद ठेवला तेव्हा त्याने चष्मा काढून ठेवला. म्हणूनच आता तीन महिन्यांनी एकदा.

वय ७१. मुलाने थोडी नाणी घेऊन, स्टेक करून दिली आहेत. बँकेत नॉमिनी लावलाय. इथे नॉमिनी कुठे लावायचा?
— निवृत्त एसटी कर्मचारी, सातारा

इथे तसा रकानाच नाही, दादा. ज्याच्याकडे ते २४ शब्द, तो मालक. वारस दाखला, मृत्यूचा दाखला, कशाने काही उघडत नाही. स्टेक केलेली नाणी तुमच्या माघारी वर्षानुवर्षं बक्षीस मिळवत राहतील आणि कोणाला हात लावता येणार नाही, असंही होऊ शकतं.

आधी एक तपासा. शब्द तुमच्याकडे आहेत का मुलाकडेच आहेत? मुलाकडेच असतील, तर आज ती नाणी त्याची आहेत, तुमच्या नावाने नुसती बोलायला.

माझं काय केलंय ते सांगते. शब्द कागदावर, बॉलपेनने, क्रमांक घालून लिहिले. शाईचं पेन नको, सांगलीत राहणाऱ्याला ओल म्हणजे काय ते माहीत असतं. मोबाइलमध्ये फोटो काढला नाही, ई-मेलवर पाठवले नाहीत. कागद पाकिटात, पाकीट बँकेच्या लॉकरमध्ये. लॉकर माझ्या आणि लेकीच्या नावावर आहे. कपाटातली पावत्यांची डायरी वेगळी. तिच्यात शब्द नाहीत, फक्त कुठे काय आहे आणि सोडवायला किती दिवस लागतील एवढंच. पहिल्याच पानावर लेकीसाठी लिहिलंय: ‘घाई करू नकोस. आधी थोडी नाणी शुल्कासाठी हातात आहेत का ते बघ. मग अनस्टेक दाब आणि २१ दिवस थांब. मधल्या काळात कोणीही फोन करून मदत करतो म्हणालं तर फोन ठेव.’

लेक मस्कतला असते. मागच्या गणपतीत आली तेव्हा तिला जेवणानंतर डायरीसमोर बसवलं आणि एक नाणं माझ्यासमोर अनस्टेक करायला लावलं. पहिल्यांदा चुकलं तिचं, दुसऱ्यांदा जमलं. परत गेल्यावर बाविसाव्या दिवशी तिचा मेसेज आला, ‘आई, सुटलं.’